नवरोजचा डाळ-भात

नवरोजच्या दिवशी पारशी घरात धनसाक शिजत नाही. पारशी जेवण म्हटलं की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं ते नेमकं धनसाकचं. त्यामुळे माझ्या शाळेतल्या पारशी मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी तिला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. घरात माणूस गेलं की तीन दिवस मांस-मच्छी बंद असते आणि चौथ्या दिवशी ती सुटते ती धनसाकने. म्हणून रविवारी दुपारी धनसाक मजेत खातील, त्यावर ताणून झोपतील, पण लग्न, नवजोत (मुलांचा दीक्षाविधी), वाढदिवस आणि नवरोज या दिवशी ते पातेलं चुलीवर चढायचं नाही. मग त्या दिवशी करतात काय? "धन-दार ने पातियो," ती म्हणाली. पांढरा भात, साधं पिवळं वरण आणि बाजूला आंबटगोड कोलंबी.

अख्ख्या समाजाने वर्षाचं पहिलं जेवण म्हणून वरण-भात निवडावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. मैत्रिणीची फुई, म्हणजे आत्या, उदवाड्याला राहते. मुंबईतली नोकरी संपल्यावर ती वडिलांच्या जुन्या घरात राहायला गेली आणि तिथलीच झाली. नवरोज तिच्याकडे करायचा म्हणून आम्ही १४ ऑगस्टला सकाळी दादरहून निघालो.

पारशी नववर्ष ऑगस्टात का येतं, हे आधी सांगायला हवं. त्यांचं यज्दगर्दी पंचांग शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द याच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इसवी सन ६३२ पासून मोजतात. त्यात वर्षाचे दिवस ३६५च. लीप वर्ष नसल्यामुळे दर चार वर्षांनी नवरोज एक दिवस मागे सरकतो. २०२० ते २०२३ या काळात तो १६ ऑगस्टला होता, २०२४ पासून १५ ऑगस्टला येऊ लागला. इराणी घरांत आणि फसली पंचांग मानणाऱ्यांत २१ मार्चचा जमशेदी नवरोज मोठा. बाकीचे पारशीही तो करतात, त्यामुळे नवरोजच्या सकाळचं सेव-दही वर्षातून दोनदा होतं आणि त्याला कुणाची हरकत नसते.

वाटेत पालघरला उतरलो, कारण फुईने पापलेट मागितलं होतं. सातपाटीचं बंदर तिथून जवळ. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, पण या किनाऱ्यावर त्याचा मान सरकारच्या कितीतरी आधीपासूनचा. पावसाळी मासेमारीची बंदी आपल्याकडे ३१ जुलैला उठते, तरी पुष्कळ कोळी नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाल्याशिवाय होडी लोटत नाहीत. पौर्णिमा अजून यायची होती, त्यामुळे बाजारात माल थोडा आणि भाव चढा. एका मावशीच्या पाटीत मध्यम आकाराची, रुपेरी, डोळे स्वच्छ असलेली पापलेटं दिसली. मैत्रीण कल्ले उघडून बघायला लागली तशी मावशी म्हणाली, "बघ बाय बघ, रात्रीची न्हाय, सकालची हाय." मग माझ्याकडे वळून, "तू नाय घेत?" माझा श्रावण आहे म्हटल्यावर तिने मान हलवली आणि बर्फ वाढवून बांधून दिलं.

श्रावणाचं मी फुईला आधीच कळवलं होतं. आमच्या घरी श्रावणात मासे-अंडी बंद, आणि ते मी आजही पाळते. नवरोजच्या ताटावर पाहुणीने असं अवघडून बसावं का, असा मला प्रश्न पडला होता. फुईचा निरोप आला: डाळ-भाताला श्रावण लागत नाही, निघून ये.

डहाणू रोडपर्यंत लोकल, पुढे पॅसेंजर. डहाणूपासून वाड्या सुरू होतात. इकडच्या चिकूच्या बागा बऱ्याचशा इराण्यांनी आणि पारशांनी वाढवलेल्या, आणि घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस कोसळत होता. उजव्या हाताला ढगांत बुडालेले डोंगर होते. त्याच बाजूला बहरोटची लेणी आहेत. आपली पहिली वस्ती संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथे नेऊन लपवला आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे बारा वर्षं सांभाळला. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डोंगरात ही गोष्ट घडली, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ती ठाऊक आहे. पुढे संजाण स्टेशन आलं. तिथे पूर्वजांच्या आगमनाची आठवण म्हणून १९२० साली स्तंभ उभारला गेला. मैत्रिणीने डब्याच्या दारातून हात जोडले. बहरोटहून तो अग्नी बांसदा, नवसारी असा फिरत १७४२ साली उदवाड्याला आला आणि तिथेच राहिला. त्याला इराणशाह म्हणतात. भारतात आतश बेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची अग्निमंदिरं, आठ आहेत, चार मुंबईत, दोन सुरतेत, एक नवसारीत आणि हे उदवाड्याचं. सगळ्यांत जुनं हेच.

उदवाडा स्टेशनपासून गाव काही किलोमीटर आत, समुद्राच्या अंगाला. रिक्षा गावात शिरली आणि दुतर्फा लाकडी खांबांचे ओटे सुरू झाले. काही घरांच्या दारांना कुलपं, कुलपांना गंज. मात्र त्या संध्याकाळी बरीच बंद दारं उघडलेली होती. मुंबई, पुणे, सुरतेहून लोक येत होते, खिडक्यांतून केरसुणीचा आवाज येत होता, ओट्यांवर गाद्या झटकल्या जात होत्या.

फुईने आधी पापलेटं तपासली, मग आम्हाला. "सोज्जा छे," एवढाच शेरा दिला. तो दोघांनाही लागू होता.

त्या संध्याकाळी घरात गडबड नव्हती. वर्षाचे शेवटचे दहा दिवस मुक्तादचे. गेलेल्या माणसांचे फरोहर, म्हणजे आत्मे, या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्या नावाने फुलं, पाणी, फळं ठेवून प्रार्थना होतात. शेवटचा दिवस पतेतीचा, झाल्या-गेल्याची क्षमा मागण्याचा. आपण शुभेच्छा द्यायला जातो त्या बहुधा याच दिवशी. त्या द्याव्यात दुसऱ्या सकाळी. फुई खिडकीजवळ पुस्तक घेऊन बसली होती आणि ओठ हलत होते. नंतर ती उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

दूध आटत ठेवलेलं होतं. नवरोजच्या सकाळचं मीठुं दही, म्हणजे गोड दही, रात्रीच लावावं लागतं. दूध चांगलं दाट होईपर्यंत आटवायचं, त्यात साखर विरघळवायची, कोमट झालं की विरजण. फुई बोट बुडवून ऊब बघत होती. पावसाळ्यात दही लागायला वेळ घेतं, म्हणून भांडी रिकाम्या कपाटात शालीखाली ठेवली. मग पापलेटाचे तुकडे मीठ-लिंबू लावून झाले, कोलंबी सोलून झाली, बदाम भिजत पडले. मला कोथिंबीर निवडायला बसवलं. मध्यरात्री इराणशाहची घंटा ऐकू आली. दिवसाचे पाच प्रहर, म्हणजे गेह, आणि प्रत्येक गेहच्या सुरुवातीला अग्नीला सुखड, म्हणजे चंदन, अर्पण करून बोईचा विधी होतो. तेव्हाची ही घंटा.

पहाटे उठले तेव्हा मैत्रीण उंबऱ्याशी बसून चौक काढत होती. पत्र्याच्या चपट्या डब्यांना तळाशी नक्षीची भोकं पाडलेली असतात. आत चुन्याची पांढरी-गुलाबी भुकटी भरायची आणि जमिनीवर हलकेच आपटायची. आपले रांगोळीचे छापे असतात तेच हे, फक्त इथे मासे जास्त. मासा त्यांच्याकडे शुभ. ताटातही आणि उंबऱ्यावरही. दारावर गुलाब आणि निशिगंधाचं तोरण चढलं, घरभर लोबान फिरला. मग सगळे नवे कपडे घालून इराणशाहला गेले. पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, तो त्यांचा नेम आहे आणि तो मला मान्य आहे. मी बाहेर सुखड विकणाऱ्याच्या छपराखाली उभी राहिले. पांढरे डगले, गारा भरतकामाच्या साड्या, मखमली टोप्यांतली पोरं पावसातून येत होती, जात होती, आणि ओळख असो-नसो मला "साल मुबारक" म्हणत होती. गावात दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन चाललं होतं. त्याच पोरांतली काही धावत तिकडे गेली.

घरी परतल्यावर फुईने तांब्याभर पाणी बाजूला ठेवलं, कुंकवाचा टिळा लावला आणि म्हणाली, "पेलां मीठुं मोढुं करो." पहिल्यांदा तोंड गोड.

आता सेव. शेवया अखंड असाव्यात, मोडून चुरा झालेल्या नकोत. तुपात मंद आचेवर त्या तांबूस होईपर्यंत परतायच्या. इथे घाई केली की एक भाग काळा आणि एक पांढरा राहतो. मग पाणी आणि साखर घालून झाकण, वर थोडं वजन. पाणी आटून प्रत्येक तार सुटी झाली पाहिजे. वरून तुपात फुगवलेले बेदाणे आणि बदामाचे काप. आपल्या खिरीतली शेवई दुधात पोहते, इथे ती कोरडी आणि तजेलदार राहते आणि तिच्या जोडीला ते रात्रीचं गार दही. गरम सेव, गार दही, एका चमच्यात दोन्ही. मी आजवर गोडाचे बरेच न्याहारीचे प्रकार खाल्ले आहेत. याच्या जवळपास फक्त आमच्याकडचं श्रीखंड-पुरीचं ताट येतं, आणि ते न्याहारीला पेलत नाही.

सेवेशेजारी रवो. रवा तुपात भाजायचा पण रंग बदलू द्यायचा नाही, मग दूध, साखर, वेलची, जायफळ. आपल्या शिऱ्याइतका घट्ट होऊ देत नाहीत. वाटीत घातला की अलगद पसरतो. काही घरांत त्यात अंडं फेटून घालतात, फुई घालत नाही. रव्याच्या जोडीला उकडलेली अंडी आणि केळी ठेवायची रीत आहे. माझ्या बशीतलं अंडं काही न बोलता मैत्रिणीच्या बशीत गेलं आणि माझ्याकडे एक जास्तीचं केळं आलं. सकाळभर शेजारपाजारची माणसं येत राहिली. प्रत्येकाला तेच, सेव-दही-रवो. कुणी थोडंच घ्या म्हटलं तरी फुई डाव भरूनच वाढायची. ही "सगननी" सेव, शकुनाची. तिला नाही म्हणत नाहीत.

दहा वाजता डाळ शिजत घातली. तूरडाळ, हळद, मीठ. एवढंच. मी वाट बघत होते की आता काही पडेल, आता पडेल. काही पडलं नाही. शिजल्यावर फुईने ती रवीने पूर्ण घोटली, एक दाणा दिसेनासा केला. वर लोण्याचा गोळा, आणि शेवटी तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण लाल करून फोडणी. हिंग नाही, गूळ नाही, आमसूल नाही. हिचं नाव मोरी दार. आपल्या साध्या वरणात हिंग असतो, हिच्यात लसूण असतो. एवढाच काय तो फरक. मी म्हटलं, आमच्याकडेही नैवेद्याच्या पानात भाताच्या मुदीवर हेच वरण आधी पडतं. त्यावर तूप, मग लिंबू, आणि नंतर बाकीचं. फुई थांबली आणि म्हणाली, मग तुमच्या लोकांना कळतं तर.

पातियो हा त्या डाळीचा जोडीदार. डाळ जितकी सौम्य, तितका हा तेज. कांदा तेलात अगदी सोनेरी व्हायला हवा. त्यावर लसूण-जिरं-लाल मिरचीचं वाटण, हळद, सांभार मसाला. हा पारशी सांभार दक्षिणेच्या सांबाराचा नव्हे. लाल तिखट, मेथ्या, मोहरी यांचा तेलात मळलेला मसाला असतो तो. मग टोमॅटो, आणि शेवटाला गूळ आणि सरको. सरको म्हणजे उसाचं व्हिनेगर, नवसारीच्या कोलाहचा. फुईला दुसरा चालत नाही. कोलंबी अगदी शेवटी, नाहीतर ती रबर होते. माझ्यासाठी दुसऱ्या पातेल्यात वांग्याचा पातियो होता. तो पाहुणीसाठी काढलेली पळवाट नव्हे, त्यांच्या घरात तो जुनाच आहे. मुद्दाम आधी केला होता, म्हणजे कोलंबीचा डाव चुकूनही त्यात जाणार नाही. माझ्या श्रावणाची एवढी काळजी माझ्या स्वतःच्या घरातही सगळे घेत नाहीत.

पापलेटाची पात्रानी मच्छी झाली. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू, साखर यांची हिरवी चटणी तुकड्यांना दोन्ही बाजूंनी थापायची, केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि वाफवायची. पानं शेकून मऊ करण्याचं काम माझं होतं. आमच्या पातोळ्यांमुळे केळीच्या नाही तरी हळदीच्या पानाची सवय हाताला आहे. पुडी उघडली तेव्हा आलेला वास मी घेतला, त्याला श्रावणाची आडकाठी नसावी.

एक वाजता पानं वाढली. भात, त्यावर डाळ, बाजूला पातियो. पहिला घास मी नुसत्या डाळ-भाताचा घेतला. तो घास शांत होता. सकाळच्या साखर-तुपानंतर जिभेला नेमकं तेच हवं होतं. दुसऱ्या घासाला वांग्याचा आंबटगोड तिखटपणा आला आणि तिसऱ्यापासून मी मोजणं सोडलं. वाढदिवस असो, नवजोत असो, नवरोज असो, या तिन्ही दिवशी हेच ताट का, ते मला तेव्हा उमगलं असं मला वाटतं. आजारातून उठलेल्याला, परीक्षेहून आलेल्याला, प्रवासाहून परतलेल्याला जे जेवण दिलं जातं, तेच वर्षाच्या तोंडाशी आपल्याच माणसांना द्यायचं. पाहुण्यांवर छाप पाडायचं ताट हे नाही.

आणि म्हणूनच हे विकत मिळत नाही. इराण्याच्या हॉटेलात बेरी पुलाव मिळेल, साली बोटी मिळेल, लगननुं कस्टर्ड मिळेल. मोरी दार मागवायला कोण जाईल? ती फक्त घरात होते, आणि ही घरं कमी होत आहेत. २००१च्या जनगणनेत भारतात पारशी ६९,६०१ होते, २०११च्या जनगणनेत ५७,२६४. मुंबईत अनेक घरांत आता नवरोजचं भोणुं, म्हणजे जेवण, केटररकडून डब्यात येतं. दोनच म्हातारी माणसं असतील तर सेव कुणी परतायची, हे मी समजू शकते. रतन टाटा इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने १९२८पासून पारशी बायकांच्या हातचे पदार्थ लोकांपर्यंत नेले, हे मोठं काम आहे. तरीही फुईने ज्या बोटाने दुधाची ऊब बघितली ते बोट कुठल्याही डब्यातून येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जेवणानंतर फुईने कपाटातून एक वही काढली. तिच्या आईची. अक्षर गुजराती, शाई फिकी, कडेला तुपाचे डाग. मैत्रीण घरी पारशी गुजराती अस्खलित बोलते, पण शाळा इंग्रजी असल्यामुळे तिला ते वाचता येत नाही. मला येतं. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला गुजराती अक्षरं अवघड नसतात. मग दुपारभर मी मोठ्याने वाचत होते, फुई दुरुस्त करत होती आणि मैत्रीण लिहून घेत होती. मापं टिपरी आणि नवटांकात. नवटांक म्हणजे शेराचा आठवा भाग. हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता. काही ठिकाणी वही नुसतं "अंदाजे" म्हणते. तिथे फुईने मूठ उघडून दाखवली आणि मैत्रिणीने ती मूठ वाटीने मोजली.

सगळं लिहून झालं नाही. लोणच्यांचं पान राहिलं, लगननुं अचार राहिलं, वसाणूंचं म्हणजे हिवाळ्यातल्या पौष्टिक वड्यांचं पान फुईने मुद्दाम उलटलं. ते थंडीत येऊन करायचं, असं ठरलं आहे. निघताना तिने एका डब्यात सेव आणि दुसऱ्यात घट्ट झालेली डाळ बांधून दिली, आणि घरी गेल्यावर डाळीत पाणी घालून एक उकळी काढायला सांगितलं.

तुमच्या ओळखीत, शेजारात, कार्यालयात एखादं पारशी घर असेल तर नवरोजला तिथे जा. सकाळी दहाच्या आत जा, सेव गरम असते. पतेतीला नव्हे, दुसऱ्या दिवशी "साल मुबारक" म्हणा आणि जेवायला थांबा म्हटलं तर थांबा. डाळ कशी केली ते विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर लिहून घ्या. २०२७पर्यंत तारीख १५ ऑगस्ट, २०२८पासून १४ ऑगस्ट.